तीन सेकंदांचा मुक्काम

बास्केटबॉलचा सामना पहिल्यांदाच पाहायला बसलेल्या माणसाला एक शिट्टी हमखास कोड्यात टाकते. चेंडू छान फिरतो आहे, कुणी कुणाला ढकललेलं नाही, चेंडू मैदानाबाहेरही गेलेला नाही. तरी पंच अचानक शिट्टी वाजवतात, हात लांब करून तीन बोटं दाखवतात आणि चेंडू सरळ दुसऱ्या संघाच्या हवाली करतात. ज्याच्यामुळे हे घडलं तो खेळाडू बहुतेक वेळा चेंडूपासून लांब, बास्केटच्या शेजारी नुसता उभा असतो. नुसतं उभं राहण्यात चूक कसली?

उत्तर जमिनीवर आहे. प्रत्येक बास्केटसमोर एक आयत आखलेला असतो आणि बहुतेक चांगल्या मैदानांवर तो उरलेल्या जमिनीपेक्षा वेगळ्या रंगानं भरलेला असतो. समालोचक त्याला कधी ‘पेंट’ म्हणतात, कधी ‘की’, कधी ‘लेन’. ‘थ्री सेकंद एरिया’ हे नावही चालतं. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या नियमपुस्तकात त्याला ‘रिस्ट्रिक्टेड एरिया’ म्हटलं आहे. नावं अनेक, जागा एकच. हा खेळ समजून घ्यायचा असेल तर आधी हा आयत समजून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्यातली एकेक रेघ कुठल्या ना कुठल्या खऱ्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे, आणि मूळ अडचण आजही तीच आहे: बास्केटच्या जवळ असणं इतकं फायद्याचं आहे, की मोकळीक दिली तर सगळा खेळ तिथेच गोळा होऊन बसेल.

## जवळ असण्याचा फायदा नेमका किती?

रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असते आणि तिचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर असतो. पुरुषांच्या सामन्यातला चेंडू साधारण २४ सेंटिमीटर व्यासाचा. म्हणजे चेंडू रिंगच्या बरोबर मधून खाली आला, तर त्याच्या चहूबाजूंना साडेदहा सेंटिमीटर जागा मोकळी राहते. तेवढीच चूक माफ. डावीउजवीकडे त्याहून जास्त सरकला तर चेंडू कडीवर आदळणार.

आता समजा, हातातून सुटताना चेंडूची दिशा फक्त एका अंशानं चुकली. रिंगच्या मध्यापासून एक मीटरवर उभं राहून टाकला असेल, तर रिंगपाशी पोचेपर्यंत तो जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर बाजूला जातो. फ्री थ्रोच्या रेघेवरून, म्हणजे सव्वाचार मीटरवरून, तीच चूक सव्वासात-साडेसात सेंटिमीटरची होते. अजून चेंडू आत जाऊ शकतो. पण फिबाच्या तीन गुणांच्या रेघेवरून, पावणेसात मीटरवरून, ती जवळजवळ बारा सेंटिमीटर भरते आणि चेंडू कडीला लागतो. मनगट तेच, चूकही तेवढीच. फरक फक्त अंतराचा.

कोनाचाही हिशोब आहे. चेंडू वरून सरळ खाली आला तर त्याला रिंगचं तोंड पूर्ण गोल मिळतं. तो जितका आडवा येईल, तितकं ते तोंड त्याच्यासाठी अरुंद होत जातं. साधारण ३२ अंशांहून कमी कोनात आलेला चेंडू कडीला न लागता आत शिरूच शकत नाही. दुरून टाकणाऱ्याला म्हणूनच चेंडू उंच कमानीत सोडावा लागतो. बास्केटखालच्या उंच खेळाडूला मात्र कोनाची चिंताच नसते. २.१० मीटर उंचीच्या माणसानं नुसता हात वर केला, तरी त्याची बोटं रिंगच्या साधारण फूटभर खाली पोचतात. थोडी उडी घेतली की तो चेंडू वरून आत सोडतो.

शिवाय चुकलेला चेंडूही बहुतेक वेळा जवळपासच पडतो. बोर्डवरून किंवा कडीवरून उसळलेला चेंडू पकडणं म्हणजे रिबाउंड. बास्केटखाली ठाण मांडून बसलेल्याला तो आयता मिळतो, मग पुन्हा प्रयत्न, पुन्हा रिबाउंड.

## आधी आयत नव्हताच

डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फूट उंचीवर होता म्हणून टोपलीही दहा फुटांवर लागली आणि आजची ३.०५ मीटर उंची तिथूनच आली. त्यांनी तेरा नियम लिहिले. त्यांत आयत नव्हता, फ्री थ्रोही नव्हता. एका संघानं लागोपाठ तीन फाउल केले की दुसऱ्या संघाला एक गोल बहाल व्हायचा.

ही शिक्षा फारच ढोबळ होती. म्हणून १८९४ मध्ये फ्री थ्रो आला: फाउल झाला की समोर कुणी अडवायला नसताना एक चेंडू टाकायची संधी. सुरुवातीला तो वीस फुटांवरून टाकायचा होता. वर्षभरातच अंतर पंधरा फुटांवर आणलं गेलं आणि आजही ते तेवढंच आहे. खेळातली जवळजवळ प्रत्येक रेघ नंतर हलली, ही एक टिकली.

फ्री थ्रो टाकणाऱ्यासमोर गर्दी नको, म्हणून त्या रेघेपासून मागच्या रेघेपर्यंत सहा फूट रुंदीचा एक पट्टा आखला गेला. टोकाशी, फ्री थ्रोच्या रेघेभोवती, बारा फूट व्यासाचं वर्तुळ होतं. अरुंद पट्टा आणि टोकाला मोठा गोल, ही आकृती जुन्या कुलपाच्या भोकासारखी दिसायची. म्हणून ती ‘की’. पुढे पट्टा रुंदावला, आकृती बदलली, नाव मात्र चिकटून राहिलं.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की तेव्हा हा पट्टा फक्त फ्री थ्रोपुरता होता. खेळ चालू असताना तिथे कुणीही कितीही वेळ उभं राहू शकत होतं, आणि संघांनी ते लगेच ओळखलं. सर्वांत धिप्पाड गडी बास्केटकडे पाठ करून पट्ट्यात उभा करायचा, त्याच्याकडे चेंडू फेकायचा आणि बाकीच्यांनी वाट पाहायची. प्रतिस्पर्ध्यांचा धिप्पाड गडी त्याला मागून रेटणार. खेळाची कुस्ती व्हायला वेळ लागला नाही.

१९३२ मध्ये अमेरिकेत पहिला लगाम बसला: चेंडू हातात असताना पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही. पण चेंडू हातात नसताना थांबायला अजून मुभा होती. ५ जानेवारी १९३५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीनं केंटकीला २३-२२ असं हरवलं. बास्केटखालच्या रेटारेटीनं गाजलेल्या या सामन्याचं नाव पुढच्या बदलाच्या संदर्भात नेहमी घेतलं जातं. १९३६ मध्ये नियम पूर्ण झाला: चेंडू हातात असो वा नसो, हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूनं पट्ट्यात सलग तीन सेकंदांहून अधिक राहायचं नाही.

## या, पण थांबू नका

पंढरपूरला गर्दीच्या दिवशी विठोबाच्या गाभाऱ्यात गेलेल्या कुणालाही हा नियम वेगळा शिकवावा लागणार नाही. तिथे यायला कुणाची मनाई नसते. पायावर डोकं टेकवता येतं. पण टेकवलं की लगेच बाजूचा माणूस ‘चला, पुढं चला’ म्हणतो. पुन्हा दर्शन हवं तर बाहेर पडायचं आणि परत रांगेतून यायचं. जागा सगळ्यांना हवीहवीशी आहे, म्हणून तिथे मुक्काम कुणालाच नाही. बास्केटखालच्या आयताचं अगदी असंच आहे. आत शिरणं, चेंडू घेणं, बास्केट करणं, सगळं चालतं. वस्ती करणं चालत नाही.

प्रत्यक्षात मोजणी कशी होते ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण बऱ्याच नवख्या प्रेक्षकांचा आणि काही खेळाडूंचाही इथे गोंधळ होतो.

मोजणी फक्त हल्ला करणाऱ्या संघाची होते, तीही त्या संघाच्या ताब्यात चेंडू असताना, चेंडू पुढच्या अर्ध्या मैदानात असताना आणि घड्याळ चालू असताना. चेंडू बास्केटकडे टाकला, हातातून सुटला, की त्या संघाचा ताबा संपतो आणि मोजणीही थांबते. रिबाउंडसाठी चार-पाच जण आयतात झोंबत असतात, चेंडू बोटांनी पुन्हा पुन्हा वर टोलवला जात असतो, तेव्हा कुणी पाच-सहा सेकंद आत राहिलं तरी शिट्टी वाजत नाही, ती याच कारणानं. प्रेक्षकांतून ‘थ्री सेकंद, थ्री सेकंद’ असा ओरडा होतो, पण पंच बरोबर असतात.

रेघ ही आतच धरली जाते. बुटाचं टोक रेघेला लागलं तरी तुम्ही आत. आणि बाहेर पडलो म्हणायचं, तर दोन्ही पाय बाहेरच्या जमिनीवर टेकले पाहिजेत. एक पाय बाहेर टाकला, दुसरा रेघेवरच राहिला, तर मोजणी सुरूच राहते.

नियमात थोडी सवलतही आहे. खेळाडू बाहेर पडायच्या प्रयत्नात असेल, किंवा तो अथवा त्याचा साथीदार नेमका चेंडू टाकण्याच्या क्रियेत असून चेंडू हातातून सुटत असेल, तर पंचांनी शिट्टी वाजवायची नाही. तीन सेकंद पूर्ण होण्याआधीच चेंडू घेऊन तो बास्केटकडे ड्रिबल करत निघाला असेल, तरी त्याला तो प्रयत्न पूर्ण करू द्यायचा. कारण अशा खेळाडूनं जागा अडवून धरलेली नसते.

एकदा सामना पाहताना चेंडूवरची नजर काढून उंच खेळाडूच्या पायांवर ठेवा. मुंबईच्या नागपाड्यासारख्या, बास्केटबॉलची जुनी परंपरा असलेल्या भागात संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहिलात तरी हे पाहायला मिळेल. सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा हा उंच खेळाडू, आयताच्या लांब रेघेला लागून, पण बाहेर उभा असतो. गुडघे वाकलेले, पाय फाकलेले, पाठ बचाव करणाऱ्याला टेकवलेली आणि एक हात वर: चेंडू इथे दे. या जागेला ‘लो पोस्ट’ म्हणतात. इथे मोजणी नाही. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या गार्डला पास द्यायला कोन मिळत नाही. मग सेंटर एक पाय रेघेच्या आत टाकून बचाव करणाऱ्याला आपल्या मागे ठेवतो. एक. गार्ड ड्रिबल करत बाजूला सरकतो. दोन. पास आलाच नाही, तर तिसरा सेकंद भरत येताना सेंटर आयत ओलांडून पलीकडे निघून जातो. दोन्ही पाय पलीकडे टेकले, मोजणी शून्यावर, पुन्हा तोच डाव दुसऱ्या बाजूनं. कसलेल्या सेंटरच्या अंगात हे घड्याळ भिनलेलं असतं.

पंच ही मोजणी मनातल्या मनात करतात. बाहेरून चेंडू आत टाकण्याचे पाच सेकंद किंवा चेंडू मागच्या मैदानातून पुढे आणण्याचे आठ सेकंद मोजताना त्यांचा हात हलताना दिसतो, इथे तसं नसतं. म्हणून ही शिट्टी प्रेक्षकांना अनपेक्षित वाटते. शिक्षा साधी: चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे. फाउलच्या हिशोबात तिची नोंद होत नाही.

## मायकन, चेंबरलेन आणि रुंदावलेला पट्टा

सहा फूट रुंदीच्या पट्ट्यात एक उणीव होती. सेंटर पट्ट्याबाहेर पाय ठेवून उभा राहिला तरी बास्केटपासून त्याचं अंतर फक्त तीन फूट. नियम पाळूनही तो जवळजवळ बास्केटखालीच असायचा.

मिनिअॅपोलिस लेकर्सच्या जॉर्ज मायकननं ही उणीव सगळ्यांसमोर आणली. उंची सहा फूट दहा इंच, डोळ्यांवर जाड गोल चष्मा, आणि दोन्ही हातांनी सारख्याच सफाईनं हूक शॉट. १९५०-५१ च्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे २८.४ गुण होती. एनबीएनं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगनं, १९५१-५२ पासून पट्टा सहाऐवजी बारा फूट रुंद केला. आता बाहेर उभं राहायचं म्हणजे बास्केटपासून सहा फुटांवर. मायकनची सरासरी त्या हंगामात २३.८ वर आली. एका माणसामुळे सगळ्या मैदानांवरच्या रेघा पुसून नव्या आखाव्या लागल्या, हा त्याच्या खेळाचा केवढा मोठा सन्मान.

मग विल्ट चेंबरलेन आला. सात फूट एक इंच उंची, त्यात धावण्या-उडण्याची विलक्षण ताकद. १९६१-६२ मध्ये त्याची हंगामभराची सरासरी ५०.४ गुण होती, आणि २ मार्च १९६२ ला पेनसिल्वेनियातल्या हर्शी गावात न्यूयॉर्क निक्सविरुद्ध त्यानं एकट्यानं १०० गुण केले. १९६४-६५ पासून एनबीएचा पट्टा सोळा फूट झाला. चेंबरलेनची सरासरी ३६.९ वरून ३४.७ वर आली, म्हणजे फारशी ढळली नाही. मायकनला तीन फुटांनी मागे रेटलं तर त्याचे गुण घटले. चेंबरलेनला आणखी दोन फूट मागे रेटून विशेष काही साधलं नाही, कारण तो दोन ढांगांत परत बास्केटपाशी पोचायचा. यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. रेघ नुसत्या उंचीला अडवू शकते, पण उंचीला चपळाईची जोड मिळाली की रेघेचं बळ तोकडं पडतं.

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलनं १९५६-५७ पासून बारा फुटांचा पट्टा स्वीकारला आणि तो आजही तसाच ठेवला आहे. त्यामुळे कॉलेजमधून एनबीएत गेलेल्या सेंटरला पहिलं काम करावं लागतं ते बास्केटपासून आणखी दोन फूट लांब उभं राहून खेळायला शिकण्याचं.

## जुन्या मैदानांवरचा तिरका आकार

आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या जुन्या सिमेंटच्या मैदानांवर आयताऐवजी वेगळाच आकार दिसतो: फ्री थ्रोच्या रेघेशी अरुंद आणि बास्केटकडे तिरका रुंद होत गेलेला, म्हणजे समलंब चौकोन. तो चुकून तसा आखलेला नाही. फिबानं १९५६ मध्ये हाच आकार स्वीकारला होता आणि जगभर तो अर्धशतकाहून जास्त काळ चालला. फ्री थ्रोच्या रेघेशी रुंदी ३.६ मीटर, मागच्या रेघेशी सहा मीटर.

त्यामागचा विचार चांगला होता. अडचण बास्केटजवळ आहे ना, मग पट्टा तिथेच जास्त रुंद करा. या आकारामुळे सेंटरला लो पोस्टवर बास्केटपासून बराच लांब उभं राहावं लागे. त्यामुळे युरोपातल्या आणि आशियातल्या उंच खेळाडूंना बास्केटकडे तोंड करून खेळण्याची, पास देण्याची आणि लांबून चेंडू टाकण्याची सवय जास्त लागली, असं म्हणायला जागा आहे.

२०१० च्या ऑक्टोबरपासून फिबानं हा आकार रद्द करून एनबीएसारखा आयत आणला. जग एकाच आखणीकडे सरकत होतं. जुन्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांचं नुकसान मात्र होतं. तिरक्या रेघेच्या हिशोबानं शिकलेला सेंटर जिल्हा किंवा राज्य स्पर्धेत नव्या मैदानावर गेला, की पाय कुठे ठेवायचा याचा त्याचा अंदाज चुकतो. शाळांनी रंगरंगोटीच्या खर्चात ही आखणी आवर्जून बदलून घ्यावी असं मला वाटतं. खर्च थोडाच आहे.

चौकट: आजचा फिबाचा आयत

* रुंदी ४.९ मीटर, मागच्या रेघेपासून फ्री थ्रोच्या रेघेपर्यंत लांबी ५.८ मीटर
* फ्री थ्रोची रेघ बोर्डपासून ४.६ मीटरवर, तिच्याभोवतीच्या अर्धवर्तुळाची त्रिज्या १.८ मीटर
* बास्केटखालच्या छोट्या कंसाची त्रिज्या १.२५ मीटर
* मोजणी: हल्ला करणाऱ्या खेळाडूला सलग ३ सेकंद
* शिक्षा: चेंडू प्रतिस्पर्धी संघाला

## बचाव करणाऱ्याला सूट का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो, आणि तो रास्त आहे. हल्ला करणाऱ्याला तीन सेकंद, मग बचाव करणारा बास्केटखाली खुशाल उभा कसा?

फिबाच्या नियमांत त्याला खरोखरच सूट आहे. उंच बचाव करणारा संपूर्ण वेळ आयतात राहू शकतो. कारण असं, की त्यानं तिथे थांबण्याची किंमत तो स्वतःच मोजत असतो. तो आत थांबला तर त्याचा माणूस बाहेर मोकळा सुटतो. अचूक फेक असलेल्या संघासमोर ही किंमत फार जड जाते.

एनबीएनं वेगळा विचार केला. तिथे बरीच वर्षं झोन डिफेन्सला बंदी होती. झोन डिफेन्स म्हणजे माणसावर न राहता जागेवर राहून बचाव करणं. २००१-०२ मध्ये ही बंदी उठली तेव्हा भीती अशी, की प्रत्येक संघ आपला सर्वांत उंच खेळाडू बास्केटखाली कायमचा उभा करेल. म्हणून त्याच वेळी बचावालाही तीन सेकंदांची मर्यादा लागू झाली. समोर हातभर अंतरावर आपला माणूस असेल तरच आत थांबायचं. नियम मोडला तर टेक्निकल फाउल, समोरच्या संघाला एक फ्री थ्रो आणि चेंडूही त्यांच्याकडेच. टीव्हीवर एनबीए पाहणारी मुलं गावच्या सामन्यात बचाव करणाऱ्याविरुद्ध तीन सेकंदांची मागणी करतात, ती या फरकामुळे.

आयताच्या आत, बास्केटच्या अगदी खाली, एक छोटा कंस असतो. एनबीएत तो १९९७-९८ पासून चार फूट त्रिज्येचा आहे, फिबात २०१० पासून १.२५ मीटरचा. इथे नावांचा एक सापळा आहे: फिबा ‘रिस्ट्रिक्टेड एरिया’ म्हणते संपूर्ण आयताला, एनबीए म्हणते फक्त या कंसाच्या आतल्या जागेला. इंग्रजी समालोचन ऐकताना हा फरक डोक्यात ठेवावा लागतो.

हा कंस सुरक्षिततेसाठी आला. खेळाडू वेगानं येऊन बास्केटकडे झेप घेतो तेव्हा हवेत त्याला दिशा बदलता येत नाही. बचाव करणारे नेमक्या त्या क्षणी सरकून त्याच्या खाली उभे राहायचे, धडक व्हायची आणि फाउल उडी मारणाऱ्यावर लागायचा, कारण बचाव करणारा ‘आधीच उभा’ होता. उंचावरून पाठीवर पडण्याचा धोका मोठा. आता बचाव करणाऱ्याचा पाय कंसाच्या आत किंवा कंसाच्या रेघेवर असेल, तर त्या धडकेचा फाउल झेप घेणाऱ्यावर लागत नाही. मैदानावरच्या सगळ्या रेघांमध्ये मला ही सर्वांत माणुसकीची वाटते.

## फ्री थ्रोच्या वेळी

फ्री थ्रोच्या वेळी आयत आपल्या मूळ कामाकडे परत जातो. टाकणारा रेघेमागे उभा राहतो, आयत रिकामा होतो आणि दोन्ही कडांना आखलेल्या खणांत खेळाडू उभे राहतात. फिबाच्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त पाच: तीन बचाव करणाऱ्या संघाचे, दोन टाकणाऱ्याच्या संघाचे. बास्केटला लागून असलेले दोन खण बचाव करणाऱ्यांचे, म्हणजे चेंडू चुकला तर रिबाउंडवर पहिला हक्क त्यांचा. चेंडू हातातून सुटण्याआधी कुणी आत पाऊल टाकायचं नाही. टाकणाऱ्याला पाच सेकंद मिळतात, एनबीएत दहा.

## तीन गुणांची रेघ आल्यावर

एनबीएनं १९७९-८० मध्ये आणि फिबानं १९८४ मध्ये तीन गुणांची रेघ आणली. फिबाची रेघ तेव्हा ६.२५ मीटरवर होती, २०१० मध्ये ती ६.७५ वर गेली. रंगवलेल्या आयताची किंमत आता घटणार, असं वाटणं साहजिक आहे. झालं ते जरा निराळं.

हिशोब करून पाहू. समजा, एखादा संघ बास्केटखालून टाकलेल्या दर दहा चेंडूंपैकी सहा आत घालतो. दोन गुणांच्या हिशोबानं प्रत्येक प्रयत्नामागे १.२ गुण पडले. तीन गुणांच्या रेघेबाहेरून दहातले चार आत गेले तरी तेवढेच १.२. मधल्या अंतरावरून, चार-पाच मीटरवरून, दहातले चारच आत गेले तर मात्र पडतात फक्त ०.८. म्हणजे नुकसान मधल्या जागेचं झालं, बास्केटखालच्या जागेचं नाही. आधुनिक संघ एक तर आत घुसतात, नाही तर पार बाहेरून टाकतात, त्यामागे हे साधं गणित आहे.

आणि या दोन जागा एकमेकींच्या आधारानं चालतात. गार्ड आयतात घुसला की दोन-तीन बचाव करणारे त्याच्याकडे ओढले जातात, कारण आतून टाकलेला चेंडू त्यांना परवडत नाही. ते आत सरकले की बाहेर कुणी तरी मोकळा होतो. आतून बाहेर पास, आणि मोकळ्या हातानं तीन गुणांचा प्रयत्न. बचाव करणारे बाहेर धावले की आत पुन्हा रान मोकळं. म्हणून आज प्रशिक्षक आयतातून किती गुण मिळाले एवढंच मोजून थांबत नाहीत, चेंडू आयतात किती वेळा पोचला हेही पाहतात.

सेंटरचं कामही यानं बदललं. फ्री थ्रोची रेघ आणि आयताची लांब रेघ जिथे मिळतात त्या कोपऱ्याला ‘एल्बो’ म्हणतात. एनबीएतल्या डेन्व्हर संघाचा सर्बियन सेंटर निकोला योकिच तिथे चेंडू घेऊन उभा राहतो आणि आत धावणाऱ्या साथीदारांना पास देतो. ज्या जागेतून मायकन आणि चेंबरलेनला मागे हटवायला रेघा सरकवाव्या लागल्या, तिच्या कडेला उभं राहून हा उंच माणूस दुसऱ्यांना आत पाठवतो. त्याच्या खेळावर डेन्व्हरनं २०२३ चं अजिंक्यपद जिंकलं.

## आयत आखायचा असेल तर

ज्या क्रीडाशिक्षकांच्या मैदानावर अजून तिरका आकार आहे, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. मागच्या रेघेचा मध्य शोधा आणि तिथून दोन्हीकडे २.४५ मीटरवर खूण करा. ही खूण आयताच्या रेघेच्या बाहेरच्या कडेची. मागच्या रेघेच्या आतल्या कडेपासून ५.८ मीटरवर फ्री थ्रोच्या रेघेची लांबची कड येते. फ्री थ्रोची रेघ स्वतः ३.६ मीटर लांब असते, पण आयत बंद करण्यासाठी ती दोन्हीकडे लांब रेघांपर्यंत वाढवायची. सगळ्या रेघा पाच सेंटिमीटर जाडीच्या. कंसासाठी ओळंबा रिंगच्या मध्यातून खाली सोडा. तो मागच्या रेघेपासून १.५७५ मीटरवर टेकला पाहिजे, न टेकल्यास बोर्डचा खांब सरकला आहे असं समजा आणि आधी तो नीट करून घ्या. त्या बिंदूपासून १.२५ मीटर दोरीनं अर्धवर्तुळ फिरवा. रंग भरण्याआधी आयताचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ७.५९ मीटर भरले की कोपरे काटकोनात आहेत. मग आतली सगळी जागा एकाच रंगात रंगवून घ्या.